टाकी क्लीनिंगवाल्यांचा रिव्ह्यू (सोलापूर): धुणं एक नंबर, ते 'फंगस-फ्री' पॅकेज मात्र घेऊ नका

सरळ सांगते, 5 पैकी साडेतीन. आणि ते साडेतीन पण हौदात उतरलेल्या पोरांच्या हाताला दिलेत, फोनवर पॅकेज विकणाऱ्या माणसाच्या तोंडाला नाही. सर्व्हिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अर्धा रिव्ह्यू तक्रारीचाच आहे आणि तसंही या लाइनमधल्या सगळ्यांची पत्रकं एकच भाषा बोलतात. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, कुठंही राहत असाल तर गेटला अडकवलेलं बघितलंच असेल, सिक्स स्टेप क्लीनिंग, अँटी-बॅक्टेरियल, अँटी-फंगल, यूव्ही ट्रीटमेंट, आणि कोपऱ्यात एका हसणाऱ्या फॅमिलीचा फोटो जी नक्कीच सोलापूरची नाही.

आमच्याकडं खाली दहा हजार लिटरचा हौद आणि वर गच्चीवर 1000 लिटरच्या दोन काळ्या सिंटेक्स. आता बाहेरगावच्या लोकांना वाटेल एवढं पाणी साठवून करता काय, तर त्यांना सांगते, इथं नळ रोज येत नाही. आमच्या भागात कधी चार दिवसाआड, कधी पाच, आणि ते पण रात्री किती वाजता ते चावीवाल्यालाच ठाऊक. पाणी येतं उजनी धरणातनं शंभर किलोमीटरच्या वर पाइपलाइननं, शिवाय भीमेवरच्या टाकळी-औज बंधाऱ्याचं, थोडं हिप्परग्याच्या तलावाचं, शुद्धीकरण होतं, क्लोरीन पडतं, सगळं होतं. पण घरात आलेलं पाणी पुढचे चार-पाच दिवस आपल्याच हौदात आणि आपल्याच टाकीत पडून राहतं, वरनं एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला आणि टाकीतलं पाणी आंघोळीला गार मिळत नाही इतकं गरम. क्लोरीन काय तिथं बसून राहणार आहे का, उडून जातं. म्हणजे शेवटच्या दिवशी जे पाणी आपण पितो त्याची जबाबदारी प्लँटवर कमी आणि आपल्या टाकीवर जास्त. हे मी या रिव्ह्यूत सारखं सारखं म्हणणार आहे, कंटाळू नका.

बोलावलं का, तर वास. क्लोरीनचा नाही, कुबट, ओल्या मातीचा. सासूबाई तर सरळ म्हणल्या, "चहाला माती लागायलीय गं." गाळून बघितलं, उकळून बघितलं, वास जाता जाईना. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय आणि लॅबमध्ये काम करते, त्यामुळं एवढं माहीत होतं की हा वास म्हणजे बुरशीच असं काही नाही. मातीचा जो वास असतो तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, तो मुख्यतः काही जिवाणू आणि निळं-हिरवं शेवाळ तयार करतात, उन्हाळ्यात धरणाचं पाणी हिरवट झालं की असा वास कुठल्याही गावाला येऊ शकतो. आपल्या नाकाला तो लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी कळतो, म्हणजे वास आला म्हणून पाणी विषारी झालं असंही नाही. बुरशीचा हात असतो तो कुबट वासात, पाण्यातल्या क्लोरीनमुळं जे क्लोरोफेनॉल बनतात त्यांच्यावर काही बुरश्या काम करून अ‍ॅनिसोल नावाचं रसायन करतात आणि मग पाणी बंद कपाटासारखं वास मारतं. आमच्याकडं दोन्ही मिक्स होतं असं मला वाटतं. काही का असेना, टाकी धुवायला झालीच होती.

फोन केला. समोरचा माणूस बोलायला एकदम गोड. हौदाचे 1500, वरच्या टाकीला 600 प्रमाणे, इथपर्यंत ठीक. मग सुरू झालं, "मॅडम, साध्या क्लीनिंगमध्ये फंगस जात नाही, तुमच्या टाकीत ब्लॅक फंगस असणार बघा, म्युकर माहितेय न्हवं?" मी म्हणलं टाकी न बघता कसं सांगता? तर म्हणे सोलापुरात सगळ्यांच्याच टाकीत असतो. मग अँटी-फंगल स्प्रे प्लस यूव्ही 900 जास्त, आणि पाण्याची फंगस टेस्ट 1200, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर. मी पोरं येऊ देत मग बघू म्हणलं. खरं तर तिथंच ठेवणार होते फोन, पण ओळखीतल्या दोघा-तिघांनी यांच्या कामाची तारीफ केली होती.

आणि काम खरंच चांगलं आहे हां. पोरं दोन आली, एक हौदात, एक वर. आल्या आल्या आधी मोटरची लाइन मेन स्विचवरनं बंद केली, नुसतं बटण नाही, मेन. ते बघूनच मी निम्मे मार्क दिले. हौदाचं झाकण उघडून थोडा वेळ तसंच ठेवलं, वरनं ब्लोअर सोडला, मग उतरला, आणि वरचा पोरगा पूर्ण वेळ तोंडाशी बसून त्याच्याशी बोलत होता, "काय करलालास बे, बोल की, गप का हायेस?" मला आधी वाटलं टाइमपास चाललाय, पण ते मुद्दाम असतं. बंद हौदात हवा खराब असेल, त्यात क्लोरीनचा वास, आतला माणूस गप झाला म्हणजे काहीतरी बिनसलं. असल्या हौदात, टाकीत उतरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो की नेहमी. तर जे कोणी तुमच्याकडं येतील त्यांच्यात वर बसणारा माणूस नसेल तर त्यांना परत पाठवा, फुकट करून देत असले तरी.

गमबूट पण ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून मग आत घातले. आधी जास्तीचं पाणी पंपानं काढलं, ते आम्ही झाडांना आणि गाडी धुवायला वापरलं, मग तळाचा गाळ. गाळ म्हणजे काय, एकदम बारीक, बोटात धरला तर मऊ, तपकिरी, बादल्याच्या बादल्या निघाला. मग प्रेशर मशीन, मग भिंती घासणं, मग व्हॅक्यूमनं खालचं घाण पाणी ओढणं. कोपरे पोरानं हातानं घासले, मशीनवर सोडले नाहीत. हौदाच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला जो गुळगुळीत थर असतो ना, बोट फिरवलं की घसरतं, तो सगळा गेला. यालाच बायोफिल्म म्हणतात आणि सगळा खेळ या थराचाच आहे. जिवाणू, बुरशी, शेवाळाचे तुकडे सगळे स्वतःचा चिकट पदार्थ सोडून त्यात एकत्र राहतात, आणि वरनं क्लोरीन आलं तर वरचा थर मरतो, आतले मजेत. त्यामुळं न घासता नुसतं औषध टाकून टाकी साफ करणारे जे असतात त्यांना पैसे देऊ नका.

आता मेन गोष्ट, वरच्या टाकीचं झाकण. पोरगा म्हणला, "ताई, हे बघा तुमचं ब्लॅक फंगस," आणि झाकण उलटं करून दाखवलं. टाकीच्या आतनं एवढं काही नव्हतं, पण झाकणाच्या आट्यांमध्ये काळा बुळबुळीत थर, नखानं ओढला की पट्टीच निघते. बॉलकॉकच्या रबरावर पण तेच, काळे ठिपके. आणि पाणी जिथनं टाकीत पडतं तिथं पाइपच्या तोंडाला गुलाबी साय. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नाही, तिथनं निंबाची पानं आणि कबुतराचं पीस आत. गच्चीवर कबुतरं, सोलापूरची धूळ, आणि झाकण कधी नीट बसत नाही कारण आटे झिजलेत. बुरशीला अजून काय पाहिजे? शेवाळाला निदान ऊन तरी लागतं, म्हणून तर टाकी काळी असते. बुरशीला उजेड नकोच, तिला ओल पाहिजे आणि खायला थोडं काहीतरी, धूळ, पान, रबर सुद्धा चालतं.

पण काळं दिसलं म्हणजे म्युकर, ही शुद्ध भीती विकणं झालं. 2021 मध्ये आपण सगळ्यांनी ते बघितलंय, कुणाच्या ना कुणाच्या नात्यात झालेलं आहे, आणि हे लोक त्याच आठवणीवर 900 रुपये कमवतात याचा मला खरंच राग आला. म्युकर मुख्यतः हवेतनं श्वासावाटे जातो, कोविडनंतर ज्यांची शुगर वाढलेली होती, स्टेरॉइड चालू होते, त्यांना पकडला. त्यात पेशंटचा टिश्यू मरून काळा पडतो, म्हणून ते काळं. टाकीच्या झाकणावरचं काळं म्हणजे बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा एक्सोफियाला असल्या गडद रंगाच्या बुरश्या, ओल्या रबरावर, बाथरूममध्ये, डिशवॉशरमध्ये सगळीकडं सापडतात. कधी कधी तर ते बुरशी पण नसतं, पाण्यातलं मँगनीज साठून काळं होतं, बोअरचं पाणी मिसळणाऱ्यांकडं हे बघायला मिळतं. आणि ती गुलाबी साय, ती ऱ्होडोटोरुला नावाचं यीस्ट असू शकते किंवा सेराशिया नावाचा जिवाणू, नुसत्या डोळ्यानं मी पण सांगू शकत नाही, फोनवरचा माणूस तर नाहीच नाही.

मग बुरशी पाण्यात असते का? असते. जगात जिथं जिथं नळाचं पाणी नीट तपासलंय तिथं सापडलीय, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, फ्युसॅरियम, शुद्धीकरण केलेल्या पाण्यात पण. तिचे बीजाणू जाड कवचाचे असतात, गडद रंगाचे असले तर अजूनच टणक, ज्या क्लोरीननं ई-कोलाय (विष्ठेतनं येणारा जिवाणू) मरतो त्याला ते सहज दाद देत नाहीत. त्यात आपल्यासारखं अधनंमधनं येणारं पाणी असलं की लाइन रिकामी होते, आत दाब उरत नाही आणि जिथं पाइप फुटका आहे तिथनं बाहेरचं मातीचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून नळ आला की पहिली बादलीभर सोडून द्यायची आणि मग हौदात घ्यायचं, आमची आई हे करायची तेव्हा आम्ही तिला पाणी वाया घालवतेस म्हणून बोलायचो.

धडधाकट माणसानं अशा पाण्याचा ग्लास प्यायला तर काही होत नाही, रोजच्या भाकरी-फळांतनं आणि श्वासातनं आपण कितीतरी बीजाणू आत घेतोच. बुरशीचं विष पाण्यात इतकं पातळ होतं की त्याची पण फार काळजी नाही. जपायचं कुणी, तर ज्यांची केमो चालू आहे, किडनी बसवलीय, स्टेरॉइडचे मोठे डोस चालू आहेत, त्यांनी. आणि त्यांना पण पिण्यापेक्षा धोका जास्त शॉवरच्या तुषारांचा, अ‍ॅस्परजिलस फुप्फुसात जातो तो. डब्ल्यूएचओनं 2022 मध्ये धोकादायक बुरश्यांची यादी काढली त्यात अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस सगळ्यात वरच्या गटात आहे. घरात असा पेशंट असेल तर प्यायला उकळलेलं पाणी, आंघोळ शॉवरखाली नको, बादलीनं, आणि बाकी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. जलनेती करणाऱ्यांनी पण टाकीचं पाणी थेट नाकात घालू नये, उकळून गार करून घ्या, ते नाकातनं मेंदूत जाणाऱ्या अमिबामुळं पण आहे.

यूव्हीचं पॅकेज मी घेतलं नाही, पण शेजारच्या काकांनी घेतलं त्यामुळं बघायला मिळालं. एक ट्यूब असलेली काठी, टाकीत सोडली, पोरगा मोबाइल बघत बसला, दहा मिनिटांत काढली. यूव्ही खोटं नाही, 254 नॅनोमीटरचा प्रकाश जंतू मारतो, आपल्या प्युरिफायरमध्ये असतोच. पण तिथं पाणी ट्यूबच्या एकदम जवळनं जातं. टाकीत ट्यूब मधोमध, भिंत लांब, झाकणाचे आटे सावलीत, आणि जिथं बुरशी होती ते झाकण तर बाहेर उन्हात ठेवलेलं! शिवाय अ‍ॅस्परजिलस नायजरचे काळे बीजाणू यूव्हीला पण बऱ्यापैकी टिकतात. आणि समजा सगळं मेलं, तरी यूव्ही मागं काहीच ठेवत नाही, पुढचा नळ आला की नवीन पाहुणे हजर. काकांना मी काही बोलले नाही, पैसे देऊन झाले होते.

टेस्टचं तर विचारूच नका. पहिलं म्हणजे सॅम्पल घ्यायला पोराच्या हातात वापरलेली मिनरल वॉटरची बाटली. सॅम्पलची बाटली निर्जंतुक लागते, आणि नळाच्या पाण्याला आत थायोसल्फेट लागतं क्लोरीन मारायला, नाहीतर लॅबला पोचेपर्यंत आकडाच बदलतो. दुसरं, बुरशी प्लेटवर वाढायलाच काही दिवस लागतात, आम्ही प्लेट पाच-सात दिवस ठेवून बघतो, हे दुसऱ्या दिवशी रिपोर्ट कुठनं देणार? तिसरं म्हणजे पास-फेल कशाच्या हिशोबानं? आपलं पिण्याच्या पाण्याचं स्टँडर्ड आयएस 10500, 2012 चं, त्यात 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय सापडता कामा नये असं आहे, टीडीएस आहे, हार्डनेस आहे, पण बुरशीची मर्यादाच नाही. स्वीडननं ठेवली होती, 100 मिलिलिटरला 100 कॉलन्या, म्हणजे प्लेटवर उगवलेले ठिपके. मी पोराला विचारलं रिपोर्टवर लिमिट काय लिहिता, तर बिचारा म्हणला, "ताई, ते ऑफिसवाले लिहितात, आम्हाला काय माहीत." त्याची काय चूक. टेस्ट करायचीच असेल तर साधी कोलिफॉर्मची, म्हणजे सांडपाणी मिसळलंय का ते दाखवणाऱ्या जिवाणूंची करा, चांगल्या लॅबमधनं, त्याचा काहीतरी उपयोग आहे.

धुऊन झाल्यावर मी पोरांकडनं दोनच गोष्टी जास्तीच्या करून घेतल्या आणि दोन्ही त्यांनी कुरकुर न करता केल्या. झाकणाचे आटे आणि बॉलकॉक जुन्या टूथब्रशनं ब्लीचिंगच्या पाण्यात घासले, आणि ओव्हरफ्लोला बारीक जाळी बांधली. झाकण मी नवीन आणलं, रबर पण बदललं. वास दुसऱ्या नळानंतर गेला. माझ्या मते 900 च्या यूव्हीपेक्षा या झाकणानं जास्त काम केलं.

पाणी भरल्यावर क्लोरीन. हे काम कंपनी करत नाही, आपलं आपणच. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी, 33 टक्केवाली असेल तर 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन पडतं. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं. नळाला शेवटी 0.2 मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे, ओटी टेस्टचे (क्लोरीन तपासायचे) थेंब टाकले की पिवळं झालं म्हणजे आहे. उन्हाळ्यात मी तिसऱ्या दिवशी परत बघते, बऱ्याचदा पिवळं होतच नाही, मग थोडी टाकते. पावडर झाकून सावलीत ठेवा, आपल्या उन्हाळ्यात तिचा दम लवकर जातो. आणि संडासाच्या अ‍ॅसिडच्या बाटलीजवळ चुकूनही नको, दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू.

आरओ आहे आम्हाला काय, म्हणणाऱ्यांसाठी थोडं. आरओचा पडदा बीजाणू अडवतो, मान्य. पण आधीचा कार्बन फिल्टर क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणजे मशीनच्या आतल्या छोट्या टाकीत आणि तोटीत जे पाणी असतं त्याला कसलंच संरक्षण नाही. तोटीत करंगळी घालून बघा एकदा, बुळबुळीत लागलं तर कळेल.

आता तक्रारी. दहाची वेळ देऊन साडेबाराला आले, फोन केला की "निघालोय, सात रस्त्याला हाय." गच्चीवर गाळाचे डाग तसेच सोडले. बिल मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता आकडा. आणि काम झाल्यावर ऑफिसवाल्याचा परत फोन, वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घ्या, दर महिन्याला अँटी-फंगल स्प्रे मारून जाऊ. त्या स्प्रेत काय आहे विचारलं तर "इम्पोर्टेड केमिकल." पिण्याच्या टाकीत काय मारलं ते ज्याला सांगता येत नाही त्याला गच्चीवर चढू देऊ नका. मी सहा महिन्यांतनं एकदा साधं क्लीनिंग म्हणून सांगितलंय, एक उन्हाळ्याच्या आधी, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा झाली की, आणि एक पावसाळा संपल्यावर.

एकूण 2700 झाले, पोरांना चहा आणि वरनं थोडे दिले ते वेगळे. बुक करताना स्पष्ट म्हणा, फक्त धुणं पाहिजे, स्प्रे नको, यूव्ही नको, टेस्ट नको, आणि तीच दोन पोरं पाठवा, त्यांची नावं फोनवर विचारून घ्या. नळ येणार त्याच्या आदल्या दिवसाची वेळ घ्या म्हणजे हौद रिकामा असतो आणि पाणी वाया जात नाही. फोन संध्याकाळी करा, सकाळी ते लोक कुणाच्या तरी हौदात असतात, उचलत नाहीत.